समुद्री पेप्टाइडच्या नावाने १८,५०० चा चुना, डिचोली-साखळीवाल्यांनी जरूर वाचा

"मोफत पोट तपासणी शिबिर" असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर पुढे ढकलायच्या आधी हे वाचा. तिथे विकलेल्या पेप्टाइड पावडरीत आमच्या घरचे १८,५०० रुपये गेले ते गेलेच, पण वहिनीच्या तब्येतीचे जे हाल झाले त्याचा राग जास्त आहे.

वहिनीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार. सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू होत्या आणि बऱ्यापैकी ताब्यात होतं. शेजारणीबरोबर ती त्या शिबिराला गेली. तिथे टायवाला एक माणूस, हातात धातूची कांडी धरायला द्यायचा, वायर लॅपटॉपला जोडलेली, मिनिटभरात स्क्रीनवर रंगीत पट्ट्या आणि हा तोंड पाडून सांगणार, "ताई, तुमची गट इम्युनिटी (म्हणजे आतड्याची रोगप्रतिकारशक्ती) फक्त ३१ टक्के." शेजारणीने घामेजलेला हात पदराला पुसून परत कांडी धरली तर तिचा आकडा एकदम ५२ वर गेला, तर म्हणे बघा, नुसतं इथे बसून फरक पडला! असली टेस्ट जगात कुठे नाही हो. आतड्याची सूज बघायला शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट असते, कोलोनोस्कोपी असते.

मग भाषण, जे वहिनीने मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं ते मी नंतर सगळं ऐकलं. समुद्री मासळीच्या प्रथिनांपासून काढलेले पेप्टाइड (म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे), आतड्यातली इम्युनिटी जागी करतात, उंदरांवर सिद्ध झालंय, परदेशात डॉक्टर देतात वगैरे. चीड यायचं कारण म्हणजे यातलं निम्मं खरं आहे. आतड्याच्या भिंतीत शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा असतो हे खरं. मासळीची प्रथिनं एन्झाइमने तोडून केलेलं हायड्रोलायसेट उंदरांना दिल्यावर आयजीए (आतड्याचं रक्षण करणारं प्रतिपिंड) बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्यात, पाण्यातून केमिकल देऊन कोलायटिस केलेल्या उंदरांत सूज कमी झाल्याचेही प्रयोग आहेत. पण ते उंदीर, नाहीतर लॅबमधल्या पेशी. तिथून कोलायटिसच्या माणसाची गोळी बंद करण्यापर्यंत हा गडी एका उडीत पोचला.

आणि मुळात कोलायटिसमध्ये इम्युनिटी कमी पडलेली नसते, ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते, म्हणून तर डॉक्टर तिला शांत करायची औषधं देतात. तिला "वाढवतो" म्हणणाऱ्याला रोगच कळलेला नाही, किंवा कळूनही विकतोय.

वर म्हणे ताटातल्या बांगड्यातून पेप्टाइड मिळत नाहीत, शरीर ते काढू शकत नाही. अरे, हुमण-शीत (माशाची आमटी-भात) खाल्लं की पोटात पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइमं दुसरं काय करतात? प्रथिनांचे तुकडेच करतात, त्यातले दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे आतडं थेट आत घेतं. पाकिटातले पेप्टाइडसुद्धा याच पोटातून जाणार, तिथे बरेच आणखी तुटणार, कुठला तुकडा शाबूत उरतो यावरच तर संशोधन चाललंय. माशाची ॲलर्जी असलेल्यालाही चालतं असं बिनधास्त सांगत होता, ते तर धोक्याचं आहे, तोडलेल्या प्रथिनातही ॲलर्जी आणणारा भाग उरू शकतो.

आता खोका बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, यात पहिलं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), मग साखर, मग फ्लेवर, आणि पेप्टाइड शेवटून दुसरं. म्हणजे गोड पावडर. एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा लायसन्स नंबर १४ आकडी असतो, खोक्यावर मोजले तर १३. किमतीचं स्टिकर जरा विचित्र जागी होतं म्हणून गरम पाण्याने सोडवलं तर खाली बारीक अक्षरात छापलेलं, "औषधी वापरासाठी नाही". कंपनीने छापलेलं वाक्य याने स्टिकरखाली दाबलं होतं!

गोळ्या हळूहळू कमी करा असं त्यानेच सांगितलं, तोंडी, लिहून काही नाही. वहिनीला परत रक्त पडायला लागलं तेव्हा फोन केला तर उत्तर, "टॉक्सिन बाहेर पडतायत, डबल डोस घ्या." हे वाक्य कोणीही म्हटलं की फोन ठेवून सरळ आपल्या डॉक्टरकडे जा. तिला स्टिरॉइड चालू करावं लागलं, आता बरी आहे. पैसे परत मागितल्यावर आधी उद्या-परवा, मग नंबर ब्लॉक. यूपीआय कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर गेलेलं, आणि पावती म्हणजे वहीच्या कागदावर नुसता आकडा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे खोक्यासकट अर्ज दिलाय. पैसे अजून नाहीत. तुमच्याकडे हाच माल आला असेल तर उघडलेली पाकिटंही फेकू नका, चॅट डिलीट करू नका, पेमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुम्हीही तक्रार टाका. आणि बंद केलेली गोळी परत कशी सुरू करायची ते डॉक्टरलाच विचारा, आजच.