गवती चहा की रोझमेरी? भेटीच्या डब्यात कुठलं पान घालावं

शेजारणीकडून आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही गोव्यातल्या आमच्या वाड्यावरची जुनी रीत. नाताळात कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट येतं. त्यात बोलिन्हा (रवा-खोबऱ्याची बिस्किटं), कुलकुल, दोदोल, पेराद असं सगळं. चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवतो, त्यामुळे तो हिशेब सरळ आहे. अडचण होते ती नाताळच्या ताटाची. तेव्हा दिवाळीचा फराळ संपलेला असतो आणि घरी केलेल्या दोदोलाच्या बदल्यात दुकानातला पेढ्यांचा बॉक्स ठेवायला हात धजत नाही. त्या ताटापायीच मी सुगंधी पानांच्या बिस्किटांकडे वळले. आता भाच्या, पुतण्या, ऑफिसातल्या मुली विचारत असतात, कुठलं पान घालू, घरचं की विकतचं, बिस्किटं देऊ की बरणी? फोनवर प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

चवीकडे वळण्याआधी महिना बघा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत सकाळी भाजलेलं बिस्कीट ताटलीत उघडं ठेवलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत खवय्याने नाकारण्याइतकं मऊ होतं. एकदा आषाढात पुठ्ठ्याच्या सुंदर खोक्यात, वर रिबीन वगैरे बांधून, बेळगावला बिस्किटं पाठवली होती. बहिणीने फोन करून विचारलं, 'हा केक आहे का गो?' तेव्हापासून खोकं बंद. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला भाजलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी, आणि पावसात लांबच्या गावी काहीच नाही.

आता मुख्य लढत. गोड बिस्किटांसाठी गवती चहा घ्यायचा की रोझमेरी?

इंटरनेटवरच्या पाककृती रोझमेरीच्याच बाजूने असतात, आणि भाजण्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं खरं आहे. तिची सुईसारखी पानं बारीक चिरून थेट पिठात घालता येतात, ओव्हनच्या उष्णतेत वास उडत नाही, दोन चमचे चिरलेल्या पानांत पाऊण किलो बिस्किटं घमघमतात. पण रोप लावायला जाल तर पस्तावाल. ती भूमध्य समुद्राकाठची, तिथला उन्हाळा कोरडा. आपल्याकडे चार महिने मुळं ओलीच्या ओली राहतात आणि रोप खालून सडतं. नर्सरीतून मी तीन वेळा आणलं, तिन्ही वेळा ते गोकुळाष्टमी बघू शकलं नाही. मातीच्या लहान कुंडीत अर्धी वाळू घालून पागोळीपासून लांब ठेवलं तर जगेल कदाचित, पण एवढी बडदास्त माझ्या हातून होत नाही. विकतचं पाकीट पणजीत मिळतं. त्यातलं अर्धं वापरायचं आणि अर्धं फ्रिजमध्ये काळं पडलेलं बघायचं.

आणि एक गोष्ट पाककृतीत लिहिलेली नसते. रोझमेरीत कापराचा अंश असतो. आमच्या ऐंशीला टेकलेल्या काकूंनी पहिला तुकडा खाल्ला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'बरं आहे गो, पण आरतीची आठवण येते.' त्यानंतर मला स्वतःलाही दुसरं काही लागेनासं झालंय. तरुण मंडळींना मात्र तीच आवडते.

गवती चहा परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप वाढतो. पैसा लागत नाही आणि पाऊस त्याला मानवतो. घरात सर्दीला काढा होतोच, त्यामुळे वासाची ओळख सगळ्यांना असते. क्वचित कोणी नाक मुरडून 'काढ्याचं बिस्कीट' म्हणतं, तेवढं ऐकून घ्यायचं. त्याचा खरा दोष वेगळा आहे. पान चिवट, धागेदार, कडेला करवतीसारखं. चिरून पिठात घातलं तर दातात काथ्या येतो. मी आधी पानं बटरमध्ये उकळून गाळून बघितली. वास आला, पण तुपकट झाला. मग साखरेची वाट सापडली. आठ-दहा पानं कात्रीने बारीक कातरायची (सुरीने बोट कापतं), ७५ ग्रॅम साखरेबरोबर मिक्सरला फिरवायची आणि बारीक चाळणीने चाळायचं. झाकण उघडलं की लिंबाच्या सालीसारखा वास एकदम वर येतो, साखर फिकट पोपटी आणि किंचित ओलसर झालेली असते. चाळणीत राहिलेला भुसा चहात टाकायचा.

पुढचं प्रमाण पाठ करण्यासारखं आहे. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. म्हणजे ७५ ग्रॅमची ही पोपटी साखर, १५० ग्रॅम बटर, २२५ ग्रॅम मैदा. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. अंडं नसणं इथे महत्त्वाचं. सोमवार पाळणाऱ्या घरात किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारी ताट गेलं तरी कोणाची पंचाईत होत नाही. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि मेमध्ये आपलं स्वयंपाकघर तिथवर पोचतं. म्हणून मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच लाटायचा, नाहीतर कापलेले चौकोन ओव्हनमध्ये पसरून एकमेकांच्या गळ्यात पडतात. १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर. लालसर होईपर्यंत थांबलात तर गवती चहाचा वास गेलाच म्हणून समजा, आणि इथे रोझमेरी त्याच्यापुढे सरस ठरते.

माझा कौल तरीही गवती चहालाच. फक्त पुण्या-मुंबईच्या भाचरांसाठी डिसेंबरात रोझमेरीचं एक पाकीट आणते.

खाऱ्या बिस्किटांत सामना वेगळा आहे. एका बाजूला बाजारचं सुकं ओरेगॅनो, दुसऱ्या बाजूला पानओवा. पानओव्याची जाड, लवदार पानं चुरगळून वास घ्या आणि मग पिझ्झ्याबरोबर आलेली ओरेगॅनोची पुडी फोडा. दोघांत कार्व्हाक्रॉल नावाचं एकच सुगंधी द्रव्य आहे, त्यामुळे ती एकाच घरातली वाटतात. ज्यांच्या खणात अशा पुड्यांचा ढीग साठलाय त्यांनी आधी त्या संपवाव्यात, कुरकुरीतपणासाठी सुकं पानच बरं. पानओव्यात पाणी फार. सहा-सात पानं चिरून फडक्यात गच्च पिळा, मगच २०० ग्रॅम कणकेत घाला, जोडीला अर्धा चमचा ओवा, मीठ, चार चमचे तेल, आणि मोजकंच पाणी. पापडासारखं पातळ लाटून काट्याने टोचे मारा, १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. मधुमेही सासऱ्यांना, गोड नको म्हणणाऱ्या सरांना द्यायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. कढीपत्ता तेलात कुरकुरीत करून चुरून घातला तर तोही छान लागतो.

बेझिल आणि पुदिन्यावर वेळ घालवू नका. दोघांचा वास उष्णतेत उडतो आणि पान काळं पडतं, चटणीत त्यांचं सोनं होतं ते तिथेच राहू द्या. 'मग वृंदावनातली तुळस घालू का?' असं एकीने विचारलं होतं. ती नैवेद्यावर ठेवायची असते, बटरमध्ये नव्हे.

हळदीचं पान मात्र या सगळ्यांच्या वरचं आहे, फक्त ते प्रवास करत नाही. या पानात उकडलेल्या पातोळ्या आपण नागपंचमीला करतो, ख्रिश्चन घरांत १५ ऑगस्टच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) होतात, दोन्हीकडे गंध तोच. मी तवसळीचं मिश्रण, म्हणजे किसलेलं तवसं (मोठी काकडी), रवा, गूळ, खोबरं, हळदीच्या पानांनी मढवलेल्या डब्यात घालून ओव्हनमध्ये भाजते. डबा उपडा करून पान सोलताना तवसळीवर त्याच्या शिरांची नक्षी उमटलेली दिसते. हे त्याच दिवशी, चालत जाण्याच्या अंतरावरच्या घरी, गरम असताना द्यायचं. दुसऱ्या दिवशी निम्मी मजा जाते. घरी भाजलेल्या पानांच्या पावाचंही तसंच. शिवाय पोदेर (पाववाला) दारात येऊन पोई (कोंड्याचा पाव) देऊन जातो अशा गावात पाव भेट द्यायचा म्हणजे जरा धाडसच.

भाजायला वेळ नसेल तर बरणी. इथे सुगंधी मीठ किंवा साखर द्या, तेल देऊ नका. लसूण नि ताजी पानं बुडवलेल्या तेलाच्या बाटल्या फोटोत देखण्या दिसतात, पण तेलाखाली हवा पोचत नाही आणि बाहेरच्या तापमानाला तिथे बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. वासावरून, रंगावरून ते कळत नाही. केलंच तर फ्रिजमध्ये ठेवून चारेक दिवसांत घरीच संपवावं, आणि जी वस्तू चार दिवसांत संपवायची ती भेट कसली? माझी एक बाटली बांधून तयार होती, ती ओतून टाकली. मिठासाठी पानं पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची साठवण करण्याच्या, दिवसांत सुकवा. एप्रिल-मेमध्ये मिरच्या, सोलं (कोकमं) वाळतात तेव्हा मलमलीखाली सावलीत पानंही वाळतात. सुकं पान ताज्याच्या एक तृतीयांश घालायचं, ही अटकळ बहुतेक पानांना लागू पडते.

आणि सगळ्यात स्वस्त भेट, पानओव्याची काडी. ओल्या मातीत खोचली की रुजते. दोन वर्षांपूर्वी मी शेजारणीच्या ताटात बिस्किटांशेजारी अशी काडी आणि गवती चहाचा एक मुळासकट ठोंब ओल्या कागदात गुंडाळून ठेवला. गेल्या नाताळात तिच्या ताटातल्या बोलिन्हांना वेलचीऐवजी गवती चहाचा वास होता. मला वेलचीच्याच बऱ्या वाटतात, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.