व्हर्सायचा राजवाडा: सोनं कमी, छत जास्त बघा

अनियंत्रित राजेशाही कशी चालायची हे समजून घ्यायचं असेल, तर व्हर्सायला पूर्ण दिवस द्या. पॅरिसहून आरईआर सी गाडीने ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ला उतरा. सोमवारी राजवाडा बंद असतो आणि मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असल्याने सगळी गर्दी इथे लोटते. त्यामुळे बुधवार किंवा गुरुवार बरा, तोही सकाळी पहिल्या वेळेचं तिकीट आधीच काढून.

आरसे महालात (लांबी ७३ मीटर, आरसे ३५७) बहुतेक जण फोटो काढून पुढे सरकतात. तसं करू नका. छताच्या मधोमध चित्रकार ल ब्रँने काढलेलं चित्र आहे: १६६१ मध्ये राज्यकारभार स्वतःच्या हाती घेणारा लुई चौदावा. तोवर कारभार पाहणारा मुख्य मंत्री माझारँ वारल्यावर लुईने पंतप्रधानच नेमला नाही, त्याचा हा जाहीरनामा. लहानपणी राजसत्तेविरुद्धच्या ‘फ्राँद’ या बंडात (त्यात सरदारही होते) त्याला पॅरिस सोडावं लागलं होतं. १६८२ मध्ये दरबार इथे हलवून त्याने सरदारांना नजरेखाली आणलं.

शेजारचं शयनगृह राजवाड्याच्या बरोबर मध्यावर आहे. इथे राजाचं उठणंसुद्धा दरबारी सोहळा होता. आधी कोणाला आत सोडायचं, यावरून माणसाचं वजन ठरे.

एक मोठी उणीव मात्र जाणवते. प्रांतोप्रांती करवसुली आणि न्यायव्यवस्थेवर देखरेख करणारे राजाचे अधिकारी, म्हणजे इंतांदां, या झगमगाटात कुठेच दिसत नाहीत. खरी सत्ता तर त्यांच्या कागदांवर चालायची. त्याबद्दल आधी वाचूनच जा.

कारंज्यांच्या दिवशी बागेचं तिकीट वेगळं लागतं. त्रियानों (आवारातले राजघराण्याचे छोटे महाल) दुपारी उघडतं, म्हणून ते शेवटी ठेवा.