ताप डोक्यात गेला म्हणतात, तेव्हा: सीटी की थेट एमआरआय?

“दादा, थेट एमारआयच काढा की. पोराला सारखं सारखं मशिनीत कशाला घालायचं?”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. त्या दिवशी एक आई विचारत होती. पोरगा चोवीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर काम करणारा. सकाळी मशीनवरच फिट आली, तोंडाला फेस आला, दातांत जीभ चावली गेली. आधी कधीच असं झालेलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं: सीटी ब्रेन, कॉन्ट्रास्टसह. म्हणजे शिरेत औषध सोडून मेंदूचा सीटी स्कॅन.

एक्स-रे किरणांवर चालणारी सीटी १९७१ पासूनची, चुंबकावर चालणारी एमआरआय तिच्यानंतर आली, म्हणून एमआरआय भारी आणि सीटी म्हणजे गरिबाची तपासणी, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. मेंदूतला जंतुसंसर्ग किंवा सूज शोधताना तो पुरता खरा नाही. पेशंट किती वेळ निपचित पडू शकतो आणि डॉक्टरांना नेमकं काय शोधायचंय, या दोन गोष्टींवर मशीन ठरतं. एमआरआयचं बिल सीटीच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं, पण तो हिशेब नंतरचा.

सीटीचं भांडवल म्हणजे वेग. टेबलावर घेतल्यापासून पाच-दहा मिनिटांत पेशंट बाहेर. ताप चढलाय, बरळतोय, हातपाय झाडतोय, अशा माणसाला एमआरआयच्या नळीत अर्धा-पाऊण तास स्थिर ठेवायचं तर भूल द्यावी लागते, आणि रात्री दीड वाजता गडहिंग्लजहून किंवा गगनबावड्याहून आलेल्या पेशंटसाठी भूलतज्ज्ञाला उठवावं लागतं. तेवढ्या वेळात सीटी सांगून मोकळी होते: रक्तस्राव आहे का, मेंदूतले पाण्याचे कप्पे फुगलेत का, सुजेमुळे मेंदू एका अंगाला रेटला गेलाय का. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानातून हाड पोखरत पू आत गेला असेल, तर ते पोखरलेलं हाडही सीटीतच स्पष्ट दिसतं.

मेंदूज्वराच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज आल्याच्या, संशयात पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला काढायच्या आधी सीटी सांगतात, तेही यासाठीच. डोक्यात दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. सगळ्यांना मात्र ही सीटी लागत नाही. माणूस नीट शुद्धीत आहे, फिट नाही, एखादी बाजू लुळी नाही, प्रतिकारशक्ती चांगली आहे, तर डॉक्टर थेट पाणी काढतात. स्कॅनची वाट बघत अँटिबायोटिकचा पहिला डोस मात्र अडवून ठेवायचा नसतो. नातेवाईक म्हणतात, “आधी फोटो येऊ दे, मग औषध.” जिवाणूंच्या मेंदूज्वरात ते तास फार महाग पडतात.

आता एमआरआय. हर्पीसच्या विषाणूने मेंदूला सूज येते, तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांत सीटी अगदी स्वच्छ दिसू शकते. एमआरआयमध्ये कानाच्या वरच्या भागात, टेम्पोरल लोबमध्ये, सूज तेव्हाच उमटलेली असते. घरच्यांना फक्त माणूस विचित्र वागतोय, ओळखीच्यांना ओळखत नाही, एवढंच दिसत असतं. इथे एमआरआयला तोड नाही, तरी असायक्लोविर हे त्या विषाणूवरचं औषध संशयावरच सुरू करतात.

मेंदूतलं गळू आणि मधून सडलेला ट्यूमर, दोन्ही सीटीत कडं असलेली पोकळी म्हणून सारखेच दिसू शकतात. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात पू बहुधा पांढरा चमकतो, कारण घट्ट पुवात पाण्याचे कण मोकळे हलू शकत नाहीत. टीबीच्या मेंदूज्वरात गॅडोलिनियमची, म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टची, सुई दिली की मेंदूच्या तळाची आवरणं उजळतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडून रक्त न पोचलेले मेंदूचे छोटे भागही दिसतात. ताप-गोवरानंतर लहान मुलांच्या मेंदूत येणारी सूज असते, तिचे डागही एमआरआयच जास्त दाखवते.

पण एमआरआय नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं धरू नका. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, त्या प्रकारच्या सुजेत कित्येकदा एमआरआय कोरी असते. मग पाठीतल्या पाण्यातल्या अँटिबॉडी आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, बघावा लागतो. पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारी तपासणी, त्याच्याही पुढची गोष्ट. बाकी सगळं बघूनही कोडं सुटलं नाही तरच डॉक्टर त्याचं नाव काढतात.

उद्यमनगरच्या पोराची सीटी झाली. रिपोर्टात: रिंग एनहान्सिंग लिजन, म्हणजे कॉन्ट्रास्टने कडं उजळलेली गाठ. हे शब्द वाचून आईने डोळ्याला पदर लावला. फिट येणाऱ्या तरुणांत आपल्या देशात हा शोध नेहमीचा आहे, आणि बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो. दोन संशयित असतात: टेपवर्मच्या (आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या जंताच्या) अळीची गाठ किंवा टीबीची गाठ. अळीची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “आम्ही डुक्कर खात नाही, मग कसं?” या जंताची अंडी पोटात जातात ती न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, दुसऱ्याच्या अस्वच्छ हातातून. माळकरी माणसालाही होतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा यात काही दोष नाही.

हे ओळखण्यात वेल्लोरच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे. ढोबळ खूण अशी: कडं एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडा नीट गोल, मेंदूची मधली रेषा न सरकलेली, आणि पेशंटला फिटशिवाय दुसरा त्रास नाही, तर अळीची शक्यता जास्त. गाठ मोठी, वेडीवाकडी, सोबत वजन उतरणं, बारीक ताप, तर टीबीकडे लक्ष जातं. एमआरआयमध्ये पाण्याच्या फुग्यात अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसलं की वाद मिटतो. उलट अळी मरून तिचा खडा झाला असेल तर तो सीटीतच चटकन दिसतो. एकाच आजाराच्या दोन टप्प्यांत दोन मशीनं आलटून पालटून सरस ठरतात.

डॉक्टरांना तो ठिपका बघायचा होता, म्हणून एमआरआय ठरली. मी फॉर्म भरायला घेतला. पेसमेकर? नाही. डोक्यात क्लिप, कानात यंत्र? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? पोरगा हसला. “लेथवर काम करतो दादा, रोजच जातो.” शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे फौंड्री-लेथवाल्यांच्या गावात हा प्रश्न घाईत उरकू नका. लोखंडाचा बारीक कण डोळ्यात रुतून बसला असेल तर एवढ्या ताकदीच्या चुंबकाजवळ तो हलतो आणि नजर जाऊ शकते. डोळ्यांचा एक्स-रे काढला. उजव्या बाजूला पांढरी रेघ. एमआरआय तिथेच रद्द.

बायकांच्या अंगावरचा साज, जोडवी, पैंजण, केसांतल्या पिना दाराबाहेरच काढायला लावतो, त्यावरून रोज थोडी वादावादी होते. मंगळसूत्र काढायला तयार नसलेल्या मावशींना मी एवढंच सांगतो की ते तुमच्या लेकीच्या हातात द्या, माझ्या नको.

कॉन्ट्रास्टचं थोडक्यात. सीटीत आयोडिनचं औषध, एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं. दोन्हीसाठी किडनी बघतात, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आधी सुई घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील, दिवस गेलेले असतील, तर हे आधी सांगा. डोक्याच्या एका साध्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारा सरासरी डोस २.४ आहे. एकदा काढायला घाबरू नका. पण लहान मुलाला पुन्हा पुन्हा तपासायचं असेल तर एमआरआय बरी. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते अॅडमिट होतानाच आरोग्यमित्राला विचारून घ्या, बिल फाडल्यावर नको.

उपचार चालू असताना परत स्कॅन काढतात, तेव्हा घोळ जास्त होतो. शक्यतो आधीच्याच प्रकारचं मशीन ठेवा. सीटीची तुलना एमआरआयशी करताना रेडिओलॉजिस्टचाही अंदाजच चालतो. जुन्या फिल्म आणि सीडी घेऊन या. नुसता कागदी रिपोर्ट आणलात तर तुलना कशाशी करायची? टीबीची गाठ औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत उलट मोठी दिसू शकते. औषध लागू नाही असं ठरवून गोळ्या बंद करणारे मी पाहिलेत. तसं करू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना फिल्म दाखवा. गळू बरं झालं तरी त्याचं कडं कित्येक आठवडे रेंगाळतं. पेशंट चालतोय, बोलतोय, ताप नाही, आणि फिल्म मात्र हटत नाही, असं झालं तर डॉक्टर आधी पेशंटकडे बघतात.

त्या पोराचा उपचार सीटीवरच झाला. अळीचं औषध देण्याआधी डोळ्यात अळी नाही ना, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि त्याच बैठकीत लोखंडाचा तो कणही त्यांना दिसला. सहा महिन्यांनी तो परत आला, आमच्याच मशीनवर. कड्याच्या जागी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका राहिला होता. आईने फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.

“खडा राहिला व्हय?”

“राहिला. वाळलेला आहे.”

“आन् फिटची गोळी?”

ते डॉक्टर सांगतील, म्हटलं. तिने फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट पिशवीत उभं ठेवलं, दुमडू नये म्हणून.