ॲक्सेसरीज जाहीर करून काढलेला मोटारसायकलचा विमा : चौदा महिन्यांचा अनुभव

माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ सीसीची असून ती मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यात नवी घेतली. दोन वर्षांनंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या नूतनीकरणाच्या वेळी, गाडीवर मी बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवायच्या आणि त्यांचा जादा हप्ता भरायचा असे ठरवले. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत एकदा चोरी झाली आणि एकदा ताम्हिणीत गाडी आडवी झाली, त्यामुळे या निर्णयाची चांगली आणि वाईट अशी दोन्ही बाजूंनी परीक्षा झाली. कंपनीचे नाव येथे देत नाही.

आधी पैशांचे बोलू, कारण बहुतेकांची भीती तेथेच असते. मोटारसायकलच्या विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते आणि १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीच्या गाडीला वर्षाला १,३६६ रुपये, तर ३५० च्या वरच्या गाडीला २,८०४ रुपये पडतात. क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे आहे, त्यामुळे ती खालच्या गटात बसते आणि माझी हिमालयन ६१ सीसीपायी दुप्पट हप्त्याच्या गटात जाते. नव्या दुचाकीला हा विमा सप्टेंबर २०१८ पासून एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. मी १५,११७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १७,८३८ रुपये गाडी घेतानाच मोजले आहेत. हा दर गाडीला काय बसवले किंवा क्लेम किती केले यावर हलत नाही. दरवर्षी नूतनीकरण करायचे ते फक्त ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, आणि ॲक्सेसरीजचा सगळा प्रश्न याच भागात येतो.

माझ्या गाडीवर तेव्हा तीन गोष्टी बाहेरच्या होत्या : १८,००० रुपयांची ॲल्युमिनियमच्या साइड बॉक्सची जोडी, ५,५०० रुपयांचा क्रॅश गार्ड आणि वायरिंग व रिलेसह ९,००० रुपयांना पडलेली जादा दिव्यांची जोडी. तिन्ही वस्तू २०२४ च्या उन्हाळ्यात घेतल्या होत्या आणि सुदैवाने पक्की बिले जपून ठेवली होती. विद्युत उपकरणांना जुन्या टॅरिफपासून (दरपत्रकापासून) चालत आलेला किमतीच्या ४ टक्के हा दर लागला, म्हणजे ३६० रुपये. बॉक्स आणि गार्ड यांना गाडीचाच दर लागतो, तो सवलत वजा जाऊन सुमारे ३०० रुपये झाला. जीएसटी धरून एकूण जादा हप्ता ७७९ रुपये आला. हिमालयनची टाकी १५ लिटरची आहे आणि पुण्यातल्या पेट्रोलच्या भावाने एवढ्या पैशांत ती अर्धी भरते. ज्या रकमेसाठी लोक वर्षानुवर्षे गप्प बसतात ती रक्कम एवढीच आहे, हे मला स्वतःलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

खरी अडचण पैसे भरण्यात नव्हती, ते कागदावर उमटवण्यात होती. आमच्या घरच्या सगळ्या पॉलिसी वर्षानुवर्षे पाहणाऱ्या एजंटकाकांना मी यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, “अहो, कशाला उगाच खर्चात पडता? क्लेम येईल तेव्हा बघू की.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, बहुतेक ग्राहकांना सगळ्यांत कमी आकडा हवा असतो आणि त्यांना तो देण्याची सवय झालेली आहे. म्हणून मी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःच अर्ज भरला. तेथे विद्युत आणि बिगरविद्युत ॲक्सेसरीजच्या किमतीसाठी दोन रकाने होते, पण वस्तूंची नावे लिहायला जागाच नव्हती. पॉलिसी हाती आली तेव्हा तिच्यावर ९,००० आणि २३,५०० असे दोन आकडे छापलेले होते आणि ते कशाचे, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. उद्या पडझड झाल्यावर २३,५०० रुपयांत माझे बॉक्स आहेत हे मी कशावरून सिद्ध करणार होतो?

तेव्हा मी बिलांच्या प्रती, गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि वस्तूंची यादी ईमेलने पाठवली आणि या यादीचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडली जाणारी कंपनीची लेखी नोंद, करून द्यावे अशी विनंती केली. पहिल्या ईमेलला यंत्राने उत्तर दिले, दुसऱ्याला पॉलिसीचीच प्रत परत आली आणि तिसऱ्या ईमेलनंतर, एकूण एकोणीस दिवसांनी, एक पानाचे एन्डॉर्समेंट आले, ज्यात तिन्ही वस्तू किमतींसह लिहिलेल्या होत्या. त्या पानाची एक प्रत मी सीटखाली पीयूसीच्या पाकिटात ठेवली.

याच यादीत मी सुरुवातीला चौथी वस्तूही लिहिली होती, ती म्हणजे बाहेरचा सायलेन्सर. हेल्पलाइनवरच्या ताईंनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, बराच वेळ थांबायला लावले आणि मग सांगितले, “सर, सायलेन्सर ॲक्सेसरीमध्ये येत नाही, तो गाडीचा मूळ भाग बदलल्यासारखं आहे.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी आणि कारखान्यातून आलेली गाडी यांच्यात तफावत पडेल असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलापोटी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते; आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरवर तर प्रदूषणाच्या कलमाखाली वेगळी कारवाई होते. माझ्या एका मित्राने काळ्या गाडीला मॅट हिरवा रंग मारून घेतला होता. त्याच्या आरसीवर आजही रंग काळाच आहे आणि हा बदल त्याने आरटीओला कळवलेला नाही. तो त्याला ॲक्सेसरी म्हणतो, मी म्हणत नाही. गाडीला जोडलेली वस्तू कंपनीला कळवून आणि पैसे भरून विम्यात घेता येते; गाडीची ओळख बदलणाऱ्या गोष्टीला आधी आरटीओची परवानगी लागते, आणि जी गोष्ट मुळात बेकायदा आहे ती विमा कंपनीला कळवून कायदेशीर होत नाही. उलट बाजूही खरी आहे : माझ्या दिव्यांचा हप्ता कंपनीने घेतला म्हणून रात्री समोरच्याच्या डोळ्यांत ते मारण्याची मुभा वाहतूक पोलिसांनी मला दिली, असे नव्हे. सायलेन्सर उतरवून मी मूळचा बसवला. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे पाहिल्यापासून तो तसाही मनात खुपत होता. आता तो माळ्यावर जुन्या कुकरच्या शेजारी पडून आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सोसायटीच्या पार्किंगमधून उजव्या बाजूचा दिवा गेला. सकाळी पाहिले तर क्लॅम्प जागेवर होता आणि वायर पक्कडीने स्वच्छ कापलेली होती. वेळ घाईची असली तरी हात सराईताचा होता. जाहीर केलेली वस्तू आहे, एन्डॉर्समेंट आहे, तेव्हा भरपाई मिळेल अशा विश्वासाने मी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून क्लेम केला आणि तो चार दिवसांत फेटाळला गेला. कारण पॉलिसीच्या पहिल्याच पानांत होते आणि मी ते वाचले नव्हते : दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत ॲक्सेसरीची चोरी तेव्हाच भरून मिळते जेव्हा तिच्यासोबत गाडीही चोरीला जाते. नुसता दिवा, नुसता बॉक्स किंवा नुसता आरसा गेला, तर जादा हप्ता भरलेला असूनही हातात काही येत नाही. या बाबतीत माझा राग कंपनीवर कमी आणि स्वतःवर जास्त आहे. तरीही हप्ता घेणाऱ्या संकेतस्थळाने त्या दोन रकान्यांखाली ही एक ओळ लिहिणे अवघड नव्हते. त्याच मॉडेलचा एक दिवा ३,५०० रुपयांना घेऊन बसवला आणि नवे बिल कंपनीला पाठवून दिले.

ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात माणगावच्या बाजूने परत येताना एका वळणावर डंपरमधून सांडलेल्या खडीवरून मागचे चाक सुटले आणि गाडी उजव्या अंगावर घसरत गेली. गुडघा खरचटण्यापलीकडे मला काही झाले नाही, कारण सगळा भार क्रॅश गार्डने आणि बॉक्सने घेतला होता. गार्ड आत वाकला, बॉक्सचा कोपरा पत्र्याच्या डब्यासारखा चेपला आणि नवाच बसवलेला दिवा फुटला. शिवाय हँडल, ब्रेकचा लिव्हर, इंडिकेटर आणि आरसा गेले. तेथूनच फोटो काढून ठेवले आणि रेंज आल्याबरोबर कंपनीला कळवले.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले. त्यांनी बॉक्सवर बोटाने टकटक करून विचारले, “साहेब, हा कंपनीचा की बाहेरचा?” मी म्हणालो, “बाहेरचा, पण कळवलेला आहे.” त्यावर ते म्हणाले, “कळवलेला सगळेच म्हणतात. लिहिलेलं कुठे आहे?” मी सीटखालून ते पान काढून दिले. त्यांनी ते वाचले, मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि बॉक्स, गार्ड व दिवा यांवर यादीत बरोबरच्या खुणा केल्या. ॲक्सेसरीजच्या बाबतीत वाद घालण्याची वेळ त्या क्षणी संपली. एकोणीस दिवस ईमेलच्या मागे लागल्याचे सार्थक कुठे झाले असेल, तर त्या गॅरेजमध्ये.

एकूण खर्च २५,९०० रुपये झाला आणि कंपनीने २०,२२५ रुपये दिले. बाकीचा फरक मुख्यतः घसाऱ्याचा आहे. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के, तर धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तो १५ टक्के असतो. यात दोन गोष्टी खटकल्या. पहिली अशी की वय गाडीचे धरतात, वस्तूचे नाही, त्यामुळे सव्वा वर्षाच्या बॉक्सला पावणेतीन वर्षांच्या गाडीचा घसारा लागला. दुसरी गोष्ट दिव्याची. त्याचा साचा ॲल्युमिनियमचा आणि पुढची काच पॉलिकार्बोनेटची आहे. सर्व्हेअरने पूर्ण दिवाच प्लास्टिकचा धरला आणि ३,५०० पैकी १,७५० रुपये कापले. धातू धरला असता तर २,९७५ मिळाले असते. मी उत्पादकाचे माहितीपत्रक पाठवून पाहिले, पण निर्णय बदलला नाही, आणि सव्वा हजारासाठी विमा लोकपालांकडे जाण्याइतका उत्साह माझ्यात नव्हता. घसारा न कापता भरपाई देणारे झिरो डेप कव्हर घेतले नव्हते, ही चूक मात्र पूर्णपणे माझी.

बॉक्स, गार्ड आणि दिवा या तीन जाहीर वस्तूंपोटी मला १४,०७५ रुपये मिळाले; त्या कळवल्या नसत्या तर यातला एक रुपयाही मिळाला नसता. क्लेममुळे एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मात्र गेला : ऑक्टोबर २०२५ मध्ये जो ३५ टक्के व्हायचा होता तो शून्यावर आला, आणि तो पुन्हा चढायला काही वर्षे जातील. ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असल्याने माझे पहिल्या वर्षीचे नुकसान सातशे रुपयांच्या आतबाहेर आहे. नुकसान दोन-तीन हजारांचे असते, तर मी क्लेम केला नसता.

जे लोक दरवर्षी आलेल्या दुव्यावर बोट ठेवून पैसे भरून मोकळे होतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट नोंदवतो. यंदाच्या नूतनीकरणाच्या दुव्यात एनसीबी गेलेला बरोबर दिसत होता, पण ॲक्सेसरीजचे दोन्ही रकाने मात्र रिकामे होते. कोणी विचारले नव्हते, कोणी कळवले नव्हते. गेल्या वर्षीचे एन्डॉर्समेंट गेल्या वर्षीच्या पॉलिसीबरोबर संपले होते. मी घसारा वजा करून किमती पुन्हा भरल्या, नव्या बॉक्सचे बिल जोडले आणि पुन्हा ईमेल पाठवला. या वेळी पान अकरा दिवसांत आले. त्यात बॉक्सच्या जोडीऐवजी एकच बॉक्स लिहिला होता, म्हणून ते दुरुस्तीसाठी परत पाठवले आणि दुरुस्त प्रत परवाच मिळाली.