रसेल-नॉर्विग: एक सत्र वर्गात वापरल्यावर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एआयचा पहिलाच पेपर. त्यासाठी रसेल आणि नॉर्विग यांचं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ मॉडर्न अप्रोच' (चौथी आवृत्ती, २०२०) लावलं आणि सत्रभर त्यावरूनच शिकवलं. हजाराहून जास्त पानं बघून मुलं दबकतात, पण पहिल्या पेपरला त्यातला फार तर एक तृतीयांश भाग लागतो.

पुस्तक घ्यावं ते सर्चच्या, म्हणजे उत्तरापर्यंतचा मार्ग शोधण्याच्या प्रकरणांसाठी. रोमानियाचा एकच नकाशा, आरादहून बुखारेस्टला जायचं, आणि एकेक अल्गोरिदम त्याच नकाशावर चालवायचा. ग्रीडी सर्च फक्त पुढे किती अंतर उरलं असेल याचा अंदाज बघतो; तो फगारासवरून जातो, खर्च (रस्त्याचं एकूण अंतर) ४५०. ए-स्टार त्या अंदाजात आतापर्यंतचा खर्चही मिळवतो; तो रिम्निकु विल्चा आणि पितेश्तीवरून ४१८ मध्ये पोचतो. मुलांनी हे आकडे वहीत स्वतः मांडले की आतापर्यंत झालेला खर्च आणि पुढचा अंदाज यांची बेरीज का करायची, हे सांगावं लागत नाही. सरळ रेषेतलं अंतर रस्त्यापेक्षा कधीच जास्त नसतं, म्हणून तो अंदाज ॲडमिसिबल, म्हणजे खरा खर्च कधीच फुगवून न सांगणारा. कुंभार्ली घाटातून चिपळूण-कराड केलेल्या मुलाला हे लगेच पटतं.

लॉजिकसाठी वम्पसची गुहाही (राक्षस लपलेल्या गुहेचं कोडं) तशीच हाताने सोडवता येते. प्रोबॅबिलिटी मात्र जड जाते. ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांना बेझियन नेटवर्कच्या (कोणती शक्यता कशावर अवलंबून आहे ते दाखवणाऱ्या आकृतीच्या) आधी दोन-तीन तास वेगळे द्यावेच लागतात. डीप लर्निंगचं प्रकरण मी घेतलंच नाही. मशीन लर्निंगचा पेपर वेगळा असेल तर तुम्हीही घेऊ नका.

मला खरंच खटकलं ते स्वाध्यायांचं. या आवृत्तीत ते पुस्तकातून काढून वेबसाइटवर टाकलेत. प्रकरण संपलं की लगेच खाली गणितं दिसली पाहिजेत, नाहीतर मुलं पुढचं पान उलटतात. मी निवडक प्रश्नांची झेरॉक्स वाटली. पायथॉन कोड फुकट मिळतो, प्रॅक्टिकलला फार कामाला आला.

दोन पर्याय जरूर चाळा. आयआयटी मद्रासमध्ये शिकवलेल्या दीपक खेमानींचं 'अ फर्स्ट कोर्स इन आर्टिफिशियल इंटेलिजन्स' (२०१३) सर्च जास्त सावकाश, पायरीपायरीने उलगडतं. पूल आणि मॅकवर्थ यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती (२०२३) ऑनलाइन मोफत वाचता येते. पुस्तक विकत घेणं ज्यांना जमत नाही त्यांना मी तीच सुचवतो.

पुढच्या सत्रालाही रसेल-नॉर्विगच ठेवतोय, पण पहिले काही आठवडे खेमानींवरून शिकवणार आहे.