पर्जन्यमापक घेताय? आधी आतली बाटली बघा

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या आपत्ती समितीने दरडीचा धोका वेळेत कळावा म्हणून हा पर्जन्यमापक घेतला. हवामान खात्याच्या नमुन्याचा, फायबरचा. वर नरसाळं, आत बाटली, सोबत मापाची काचनळी. बॅटरी नाही, सिमकार्ड नाही, त्यामुळे वीज गेल्यावर बंद पडायचा प्रश्नच नाही.

घेताना बाटली बघा. नरसाळ्याचं तोंड 200 चौरस सेंटिमीटर असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 20 मिली पाणी. चार लिटरच्या बाटलीत 200 मिमी मावला की संपलं. मराठवाड्यात तेवढं पुष्कळ. आमच्याकडे जुलैतल्या एका रात्रीत ती भरून वाहायची, आणि नेमका हवा तो आकडाच मिळायचा नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिमी पडला. त्याच पावसात 22 तारखेला महाडचं तळिये दरडीखाली गेलं, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. म्हणून दहा लिटरचीच मागा, 500 मिमीपर्यंत चिंता नाही. दुकानदार म्हणेल, ‘चार लिटरची तयार आहे, चालून जाईल.’ चालत नाही. बागेत खोचायच्या त्या प्लास्टिकच्या नळ्यांकडे तर कोकणातल्या माणसाने बघूही नये.

महसूल मंडळाचा पावसाचा आकडा मोबाइलवर येतो, मग हा खर्च कशाला, असं मीटिंगमध्ये विचारणारे निघालेच. मंडळाचं केंद्र खाली सपाटीला, वाडी वर घाटाला टेकलेली. तिथे भुरभुर आणि इथे पऱ्या, म्हणजे ओढा, दुथडी, हे दर पावसाळ्यात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडीचा नकाशाही आम्ही पाहिला. तो 1:50,000 चा, म्हणजे एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी करंगळीच्या नखाखाली झाकते. कुठला उतार वाईट ते त्यावरून कळलं, आणि ते काही थोडं नाही. पण आज रात्री पोरंबाळं उठवायची का, हे त्यावर कसं कळणार? आणि 2023 ला दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

वापरायला सोपा, पण रात्री कटकट. आमच्या संचातली काचनळी एका वेळी 20 मिमीच मोजते. पाऊस 180 झाला तर नऊ वेळा ओता, एका हातात छत्री, विजेरी दातांत. त्यावर गोठेवाल्या काकूंनी तोडगा काढला: दुधाचं लिटरचं माप. एक माप म्हणजे बरोबर 50 मिमी. ओतलं की लगेच वहीत मांडायचं. सकाळी साडेआठच्या नोंदीला मात्र काचनळीच. रात्रीत तिसरं माप भरलं की वरच्या आळीने शाळेत यायचं. आधीचे आठ दिवस झड लागलेली असेल तर दुसऱ्यालाच. हा हिशेब समितीने आपल्यापुरता ठरवलाय, दुसऱ्या गावाने जसाच्या तसा उचलू नये. झऱ्याला गढूळ पाणी आलं किंवा परड्यात भेग दिसली तर माप बघत बसायचंच नाही.

बसवायला उघडी जागा लागते, घराझाडांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. आमच्या उतारावर ती शाळेच्या अंगणातच सापडली. कोंबड्यांसाठी जाळी मारावी लागली.

पाचपैकी चार. एक गुण काचनळीपायी गेला, तिचे आकडे पहिल्याच पावसाळ्यात पुसट झाले. ऑर्डर देतानाच दोन मागून घ्या, सुटी मागवली तर पाठवणावळच जास्त पडते.