लाखभर रुपयांत मॅकबुक एअर की असेंबल्ड डेस्कटॉप?

नवं मशीन घ्यायचं म्हटलं की डेव्हलपर मंडळी आधी प्रोसेसरवर भांडतात. मीही भांडायचो. माझ्या जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), इम्युलेटर (स्क्रीनवरचा आभासी फोन) आणि ब्राउझरचे वीसेक टॅब एकत्र उघडले की माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. मी प्रोसेसरला शिव्या घालायचो. एकदा टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर निवांत बसलेला आणि मेमरी काठोकाठ भरलेली. आता गूगलनेच स्टुडिओ आणि इम्युलेटर दोन्ही चालवायला किमान १६ जीबी रॅम सांगितली आहे. म्हणून ही तुलना रॅमपासून सुरू करतो.

एम४ चिपचा मॅकबुक एअर मार्च २०२५मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. त्यात रॅम चिपच्या जोडीलाच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणजे दुकानात जे ठरवाल ते मशीन विकेपर्यंत. २४ जीबीचा, ५१२ जीबी स्टोरेजवाला एअर तेव्हा १,३९,९०० रुपयांना होता. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसाठी ४०,००० रुपये जास्त. हा आकडा वाचून मी पहिल्यांदा कॅबिनेट आणि एसएमपीएसचे (डेस्कटॉपला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) भाव शोधायला लागलो.

डेस्कटॉपचं गणित असं: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर आणि बारा थ्रेड, त्याला साजेसा एएम५ मदरबोर्ड (एएम५ ही प्रोसेसर बसवायची खाच, म्हणजे सॉकेट), ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि १ टीबी एनव्हीएमई स्टोरेज. रॅमच्या चार स्लॉटचा बोर्ड घेतलात तर दोन पट्ट्या आत्ता आणि दोन जागा पुढच्यासाठी. एएम५ सॉकेट किमान २०२७पर्यंत चालवू असं एएमडीनं सांगितलं आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. दुकानदार ग्राफिक्स कार्ड सुचवेलच. या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आहे. गेम किंवा एआय मॉडेल ट्रेनिंगचा विचार नसेल तर ते पैसे रॅमकडे वळवा. मात्र २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा ‘नंतर स्वस्तात टाकू’ हा हिशेब पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. आणि कॅबिनेटच्या कोटेशनमध्ये मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस नसतात. ते धरले की स्वस्ताई बरीच आटते.

आता डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासह ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन. माझ्या मते खरा निवाडा इथे होतो, आणि खरेदीच्या गप्पांत हाच मुद्दा सुटतो. डेस्कटॉपवर लिनक्स टाकलंत तर कंटेनर थेट त्याच कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालतात. मॅकवर डॉकर आधी लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीन उभं करतो, आणि त्याला तुमच्याच १६ जीबीतून वाटा द्यावा लागतो. प्रोजेक्टचा फोल्डर बाहेर आणि कंटेनर आत असेल तर नोड मॉड्यूल्ससारख्या हजारो बारक्या फायलींची ने-आण रेंगाळते. त्यात मॅकची चिप एआरएम घराण्याची, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. बहुतेक इमेज (कंटेनरचे तयार साचे) आता दोन्हीकडे चालतात, पण जुन्या प्रोजेक्टमध्ये मायएसक्यूएल ५.७ डेटाबेस अडकलेला असेल तर त्याची अधिकृत इमेज एआरएमसाठी नाही. ती इम्युलेशनवर, म्हणजे दुसऱ्या चिपचं सोंग घेऊन, खेचावी लागते. तुमच्या टीमच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर चालवायचे त्या यादीत) काय काय आहे, ते पैसे मोजण्याआधी वाचून घ्या.

आयफोनचं ॲप करायचं असेल तर मात्र वाद मिटला. त्यासाठी लागणारं ॲपलचं सॉफ्टवेअर एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, तेव्हा मॅक घ्या. पण २५६ जीबीचा घेऊ नका, एक्सकोड आणि सिम्युलेटर मिळून ती जागा हा हा म्हणता भरतात.

एअरला पंखा नाही. मीटिंगमध्ये, रात्री बाळ झोपलेल्या खोलीत हे सुख आहे. पण मोठा बिल्ड (कोडचं चालतं ॲप बनवण्याचं काम) सलग दहा-पंधरा मिनिटं चालला की चिप तापते आणि वेग उतरतो. छोटे बिल्ड असतील तर हे जाणवतही नाही. डेस्कटॉप वेग टिकवून धरतो, बदल्यात घरघरतो आणि धूळ ओढतो.

वीजबिलाची भीती उगाच घालतात. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून सरासरी १०० वॉट धरा: रोज ९ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे साडेबावीस युनिट. एअर यापेक्षा बराच कमी खातो, पण त्या फरकावर मशीन ठरवू नये. लाइट जाणं मात्र गंभीर. पुण्यात दुरुस्तीच्या गुरुवारी एअरवाला निश्चिंत काम करत राहतो, डेस्कटॉपवाल्याला यूपीएसवर काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरतीच सवड मिळते. यूपीएस घेतलात तर राउटरही त्याच्यावरच लावा, नाहीतर मशीन चालू आणि नेट बंद अशी गंमत होते.

तिसरी वाट कमी पैशाची आहे: कंपन्यांकडून परत आलेले थिंकपॅड लॅपटॉप. टी४८० घ्या, त्यात रॅमचे दोन स्लॉट असतात आणि रॅम बदलता येते, शिवाय आतला इंटेल आठव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. शिकणाऱ्याला पुरेसा, मोठ्या जावा प्रोजेक्टला नाही. घेताना बायोस (मशीन सुरू होतानाची सेटिंग) उघडून पाहा; जुन्या मालकाचा पासवर्ड राहिला असेल तर तसाच परत ठेवा.

माझं म्हणाल तर मी घरी बसून बॅकएंड (ॲपची सर्व्हरवरची बाजू) लिहितो, म्हणून डेस्कटॉप घेतला. आठवड्यातून तीनदा हिंजवडीला जात असतो तर एअर घेतला असता, १६ जीबीत कुरकुरत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करणार असाल तर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी प्रत्येकाची वेगळी असते, आणि माझा एसएमपीएस गेला तेव्हा बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर १ नग’ लिहिलेलं होतं.